कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉर्मॅटच्या आधी बचाव पेनड्राइव्ह

माळव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी वादळ आलं की वीज दोन-तीनदा झटक्यात जाते-येते. यूपीएस नसलेला डेस्कटॉप त्या वेळी काही लिहीत असेल, विशेषतः विंडोजचं अपडेट बसवत असेल, तर दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर एक-दोन ओळींचा संदेश उरतो आणि पुढे काही होत नाही. इंदूरच्या दुकानात मशीन नेलं की बहुधा पहिलंच वाक्य ऐकू येतं, “विंडोज डालना पड़ेगा.” मालक घाबरून हो म्हणतो. मग टॅलीचे हिशेब, लग्नाचे फोटो, मंडळाची इतिवृत्तं, पत्रिकांचे मजकूर, सगळं त्या फॉर्मॅटमध्ये जातं.

विंडोज सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. बहुतेक वेळा फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात, फक्त विंडोजची सुरुवात करून देणारा भाग मोडलेला असतो. बचाव पेनड्राइव्हवर एक स्वतंत्र, छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते. कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होतो, आतल्या डिस्कला हात न लावता ती वाचतो, आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. क्रम कधीही बदलू नका: आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती, आणि फॉर्मॅट सगळ्यात शेवटी.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडद्यावर कंपनीचं बोधचिन्हही येत नाही, अशा वेळी पेनड्राइव्हचा उपयोग नाही. तो विजेचा, एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) किंवा रॅमचा प्रश्न आहे. डेस्कटॉपमध्ये वायर काढून, रॅमची पट्टी बाहेर घेऊन, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसून पट्टी परत घट्ट बसवली तर पुष्कळदा पडदा येतो. धुळीच्या दिवसांत हे पहिल्यांदा करून पाहावं.

बोधचिन्ह येतं पण पुढे जात नाही, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा. बहुतेक मशीनवर चालू करताच एफ२ किंवा डिलीट कळ दाबत राहावी लागते, एचपीवर एफ१०. तिथे दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, डिस्कचं नाव यादीत दिसतं का. दिसत नसेल तर मशीन बंद करून, वीज पूर्ण तोडून साटा केबलची (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरची) दोन्ही टोकं काढून परत लावा. तरीही दिसत नसेल तर डिस्कच गेलेली असू शकते आणि या लेखातला पुढचा बराच भाग तिला लागू होत नाही.

दुसरी, तारीख. ती कितीतरी वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती संपली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. मशीन सुरू करण्याच्या यूईएफआय या नव्या पद्धतीच्या जागी जुनी लेगसी पद्धत किंवा उलट लागते, डिस्कचा मोड बदलतो, आणि धडधाकट विंडोज सुरू होत नाही. बॅटरी बदलून बूट मोड पूर्ववत केला की काम संपतं. या एवढ्याशा कारणासाठी फॉर्मॅट केलेली मशीन कमी नाहीत, म्हणून तारखेकडे बघायला विसरू नका.

डिस्क दिसते, तारीख बरोबर आहे, पण “बूटएमजीआर इज मिसिंग” किंवा ०एक्ससी००००००एफ यासारखा आकडा येतो, किंवा निळा पडदा येऊन मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. इथे बचाव पेनड्राइव्ह खरा कामाला येतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशीनवर निळा पडदा आला होता. त्यातल्या पुष्कळ मशीनवर उपाय हाच होता: सेफ मोडमध्ये किंवा पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं आणि एक विशिष्ट फाइल पुसायची. डेटा आत शाबूत होता.

डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर आवाज येत असेल तर तत्काळ बंद करा. प्रत्येक मिनिटाला आतल्या तबकडीवर ओरखडे वाढत असतात. तिथे सॉफ्टवेअरचं काम नाही, डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळाच लागते.

सामान

३२ जीबीचा नामवंत कंपनीचा एक पेनड्राइव्ह घ्या. १६ जीबीमध्येही कसंबसं बसतं, पण पुढे काही वाढवायला जागा उरत नाही. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पावती मात्र असू द्या. फुटपाथवर कवडीमोलाने मिळणारे “२ टीबी”चे पेनड्राइव्ह खोटे असतात: आत थोडीशीच मेमरी असते आणि ती भरली की जुन्या डेटावर नवा लिहिला जातो, तोही कोणतीही चूक न दाखवता. शंका असेल तर रिकाम्या पेनड्राइव्हवर एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. तो पूर्ण जागा लिहून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो.

दुसरी वस्तू, डेटा उतरवायला बाहेरची हार्डडिस्क. तिच्यावर तुमच्या डेटापेक्षा जास्त मोकळी जागा हवी आणि ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉर्मॅट केलेली हवी. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर जाणार नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो.

याशिवाय चालू असलेला कोणाचा तरी कॉम्प्युटर, वायरचा कीबोर्ड आणि माउस. ब्लूटूथचा कीबोर्ड बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीत) चालत नाही.

आणि एक गोष्ट जी दुकानात मिळत नाही: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की. विंडोज ११च्या पुष्कळ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. की त्या खात्यात जमा असते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्याच खात्याने शिरून डिव्हाइसच्या माहितीत ती शोधा आणि कागदावर लिहून घ्या. मशीन चालू आहे तोवरच हे करून ठेवलं तर उत्तम, कारण की नसेल तर पुढचं काहीच होणार नाही. कुठल्याही दुकानदाराकडेही त्यावर उपाय नाही. लॅपटॉप मुलाच्या किंवा पुतण्याच्या खात्याने सुरू केलेला असेल तर की त्याच्या खात्यात सापडेल.

पेनड्राइव्ह तयार करणं

एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीम ठेवता याव्यात म्हणून वेंटॉय हा मोफत प्रोग्राम वापरा. ते एकदा बसवलं की पुढे आयएसओ फाइली (आख्खी सिस्टीम एकाच फाइलमध्ये) नुसत्या कॉपी करायच्या असतात, दर वेळी नव्याने लिहावं लागत नाही.

१. वेंटॉयच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजची झिप फाइल उतरवा, ती उलगडा, आणि आतला वेंटॉयटूडिस्क हा प्रोग्राम चालवा.

२. वरच्या यादीत तुमचा पेनड्राइव्ह निवडा. नावापेक्षा आकार बघा. २८-२९ जीबीच्या आसपास दिसणारा तो तुमचा ३२ जीबीचा. दुसरी कुठलीही बाहेरची डिस्क या वेळी जोडलेली ठेवू नका. चुकीच्या डिस्कवर पुढचं बटण दाबलं तर ती कोरी होते.

३. ऑप्शनमध्ये सिक्युअर बूट सपोर्ट चालू आहे याची खात्री करा. (सिक्युअर बूट म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी मशीनची सुरक्षा.) पार्टिशनची पद्धत एमबीआर राहू द्या, ती जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर चालते.

४. इन्स्टॉल दाबा, दोन्ही इशाऱ्यांना होकार द्या. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

५. आता विंडोजमध्ये “वेंटॉय” नावाचा रिकामा ड्राइव्ह दिसेल. त्यावर आयएसओ फाइली टाका.

कोणत्या फाइली? तीन पुरतात. पहिली लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, साधारण ३ जीबी. डेटा काढण्यासाठी नवख्याला हिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, कारण पडदा विंडोजसारखाच दिसतो. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दुसरी सिस्टीमरेस्क्यू, साधारण १ जीबी, मरायला टेकलेल्या डिस्कसाठी. तिसरी विंडोजची स्वतःची आयएसओ, जी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलमधून किंवा थेट त्यांच्या पानावरून मिळते. दुरुस्तीसाठी तीच लागते. तुमच्या मशीनवर विंडोज १० असेल तर १०ची घ्या. तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी मोडलेलं बूट दुरुस्त करायला ती चालते.

फाइल उतरवल्यावर ती तंतोतंत आली का ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर आयएसओवर उजवी क्लिक करून सीआरसी-एसएचए मेनूत एसएचए-२५६ निवडा. आलेली ६४ अक्षरं संकेतस्थळावरच्या अक्षरांशी जुळवा. पहिली आठ आणि शेवटची आठ जुळली तर बहुधा सगळी जुळतात. अर्धवट उतरलेली आयएसओ बऱ्याचदा सुरू होते आणि मध्येच अडकते, मग दोष मशीनचा समजून दिवस जातो.

कॉपी संपल्याचं दिसलं तरी पेनड्राइव्ह ओढून काढू नका. विंडोज काही भाग मेमरीत साठवून मागाहून लिहितं. “सेफली रिमूव्ह” करून संदेश आल्यावरच काढा. फाइलचं नाव उतरवलं तसंच ठेवा, त्यात मराठी अक्षरं किंवा रिकाम्या जागा घालू नका.

वेंटॉय काही मशीनवर अडतं. तसं झालं तर रूफस हा प्रोग्राम वापरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर नुसतं मिंट लिहा. रूफसने आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर आधी आयएसओ मोड घ्या, चाललं नाही तर डीडी.

फार जुन्या डेस्कटॉपला पेनड्राइव्हवरून सुरू होता येत नाही, तिथे डीव्हीडी लागते. ४.७ जीबीच्या कोऱ्या डीव्हीडीवर मिंट बसतं, विंडोजची आयएसओ बसत नाही. आयएसओवर उजवी क्लिक करून “बर्न डिस्क इमेज” निवडा आणि लिहून झाल्यावर तपासण्याच्या चौकटीत खूण करा. आयएसओ ही एक फाइल म्हणून डीव्हीडीवर कॉपी करणं ही नेहमीची चूक आहे. बरोबर लिहिलेली डीव्हीडी उघडली तर आत बरीच फोल्डर दिसतात, एकटी आयएसओ दिसत नाही.

चालत्या मशीनवर एकदा लावून बघा

न तपासलेला बचाव पेनड्राइव्ह म्हणजे नसल्यासारखाच. चालू विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग “यूज अ डिव्हाइस”मध्ये पेनड्राइव्ह निवडा. असं करण्याआधी बिटलॉकरची की हाताशी असू द्या. मिंट सुरू झालं, माउस हलतो, वाय-फाय लागतं, आतली डिस्क दिसते, एवढं पाहिलं की बंद करा. मिंटच्या डेस्कटॉपवर “इन्स्टॉल लिनक्स मिंट” असं चिन्ह असतं. त्याला हात लावायचा नाही, तो रस्ता डिस्क पुसण्याकडे जातो.

वर्षातून एकदा ही तपासणी पुन्हा करा आणि आयएसओ नव्या घ्या. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहायची पद्धत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. त्याच दिवशी पेनड्राइव्ह तपासायचा असं ठरवलं तर लक्षात राहतं.

बंद मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करणं

पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून मशीन पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह मशीनच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला. हबमधून लावू नका. जुन्या मशीनवर निळ्या पोर्टऐवजी काळा यूएसबी २.० पोर्ट जास्त भरवशाचा.

चालू करताच बूट मेनूची कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११. एसरच्या लॅपटॉपवरही एफ१२च, पण ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. लेनोव्होच्या काही आयडियापॅडवर कडेला एक बारीक छिद्र असतं, त्यात टाचणी दाबली की मेनू येतो.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला आणि एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असेल तर नव्या मशीनवर तोच निवडा.

वेंटॉय पहिल्यांदा लावल्यावर सुरक्षेचा भंग झाल्याचा निळा पडदा येऊ शकतो. हा व्हायरस नाही, सिक्युअर बूटला वेंटॉयची ओळख नसते इतकंच. ओके दाबा, पुढच्या पडद्यावर कुठलीही कळ दाबा, “एन्रोल की फ्रॉम डिस्क” निवडा, व्हीटॉयईएफआय नावाचा विभाग उघडा आणि “एन्रोल धिस की” अशा शब्दांनी सुरू होणारी फाइल निवडा. कंटिन्यू, येस, रीबूट. त्या मशीनला हे एकदाच करावं लागतं. सिस्टीमरेस्क्यूसाठी मात्र सिक्युअर बूट बायोसमधून बंदच करावं लागतं. ते बंद केल्यावर विंडोजने बिटलॉकरची की मागितली तर घाबरू नका, काम झाल्यावर सेटिंग परत चालू करा.

मिंट निवडल्यावर पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून “कम्पॅटिबिलिटी मोड” घ्या. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर हे बऱ्याचदा लागतं.

मिंट सुरू झालं पण आतली डिस्क दिसतच नाही, असंही होतं. बायोसमध्ये साटाचा मोड रेड किंवा इंटेल आरएसटी असा असेल तर लिनक्सला डिस्क सापडत नाही. तिथे एएचसीआय करून बघता येतं, पण आधीच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढा आणि डेटा निघाल्यावर तेच परत लावा. नाहीतर पुढे दुरुस्त केलेलं विंडोजही सुरू होणार नाही आणि कारण शोधत बसावं लागेल.

डेटा काढणं

फाइली बघायला सुरुवात करण्याआधी डिस्कची तब्येत पाहा. मिंटच्या मेनूत “डिस्क्स” हा प्रोग्राम आहे. डावीकडे आतली डिस्क निवडा, वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत “स्मार्ट डेटा” उघडा. साध्या हार्डडिस्कसाठी तीन ओळी महत्त्वाच्या: ५ क्रमांकाची रीअॅलोकेटेड सेक्टर, १९७ची करंट पेंडिंग सेक्टर आणि १९८ची अनकरेक्टेबल. तिन्ही शून्य असतील तर निवांत कॉपी करा. १९७ शून्य नसेल तर डिस्कचे काही भाग वाचले जात नाहीत. तेव्हा अत्यंत महत्त्वाचं तेवढं आधी उतरवा, आणि या डिस्कवर चेकडिस्क कधीही चालवू नका. चेकडिस्क फाइलींची रचना जुळवायला डिस्कवर लिहितं. आजारी डिस्कवर त्यात तासन्तास जातात आणि वाचू शकणाऱ्या फाइलीही तुटतात.

आता फाइल मॅनेजर उघडा. डाव्या बाजूला विंडोजचा विभाग आकाराच्या नावाने दिसतो, उदाहरणार्थ “२३६ जीबी व्हॉल्यूम”. क्लिक करा. बिटलॉकर असेल तर तो पासवर्ड मागेल, तिथे ४८ आकडी की, तिच्यातल्या आडव्या रेघांसकट घाला.

विंडोज नीट बंद झालेलं नसेल तर विभाग फक्त वाचण्यापुरता उघडतो. आपल्याला वाचायचंच आहे, त्यामुळे ते चांगलंच. मुळीच उघडत नसेल तर इंटरनेटवर सापडलेल्या जबरदस्तीच्या आज्ञा चालवू नका, पुढे दिलेली नोटपॅडची युक्ती वापरा.

काय उचलायचं? “यूजर्स” फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर, त्यातलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स. इथपर्यंत सगळेच जातात. पुढचं लोक विसरतात:

टॅली. डेटाची जागा प्रत्येकाकडे वेगळी असते: टॅलीच्या फोल्डरमध्ये, “यूजर्स”मधल्या “पब्लिक”खाली, किंवा डी ड्राइव्हवर. “डेटा” नावाच्या फोल्डरमध्ये आकडी नावांची फोल्डर दिसली की ती एकेका कंपनीची. आख्खं “डेटा” फोल्डर घ्या, निवडक फाइली नाहीत.

फॉन्ट. छापखाना, पत्रिका, संस्थेचे जुने अहवाल यांचा मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीत असेल तर “विंडोज” फोल्डरमधलं “फॉन्ट्स” पूर्ण कॉपी करा. हे युनिकोड नाहीत. तो फॉन्ट नसेल तर वाचवलेली फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो आणि माणूस फाइल खराब झाली समजून पुसून टाकतो.

आउटलुक. पीएसटी फाइल बहुधा डॉक्युमेंट्समधल्या “आउटलुक फाइल्स”मध्ये असते.

ब्राउझरचे बुकमार्क “अॅपडेटा”मधून मिळतात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मात्र फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात.

वनड्राइव्ह वापरत असाल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स “वनड्राइव्ह” फोल्डरच्या आत गेलेले असू शकतात. तिथल्या काही फाइलींचं नुसतं नाव डिस्कवर असतं, मजकूर ऑनलाइन असतो. त्या इथून उघडल्या नाहीत तर काळजी करू नका, खात्यात शिरून मिळतील.

ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते सगळ्यात आधी कॉपी करा. सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर शेवटी, नाही आले तरी चालेल. वेळेचा अंदाज: यूएसबी २.०वरून सेकंदाला ३० एमबीच्या आसपास, म्हणजे १०० जीबीला जवळपास एक तास. यूएसबी ३वर साधी बाहेरची हार्डडिस्क असेल तर वीस मिनिटांच्या आत. लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा.

झाल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. पाच-सहा फोटो, एखादी पीडीएफ, एखादा व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा. मग डिस्क इजेक्ट करून संदेश येईपर्यंत थांबा. पुढच्या कुठल्याही पायरीआधी ती डिस्क मशीनपासून दूर, कपाटात जाऊ द्या.

*लिनक्स नको असेल तर नोटपॅड.* विंडोजच्या आयएसओवरून सुरू करून कमांड प्रॉम्प्टमध्ये जा (रस्ता खाली दिला आहे), नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. फाइल मेनूत ओपन घ्या आणि खाली “ऑल फाइल्स” निवडा. ही खिडकी साध्या एक्सप्लोररसारखी चालते: फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. प्रगती दाखवणारी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, तरी थांबून राहा. एका वेळी थोडी फोल्डर घ्या.

डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर

कॉपी मध्येच अडते, चुका येतात, वेग शून्यावर जातो. मग फाइल मॅनेजर बंद करा. प्रत्येक वाईट जागेवर पुन्हा पुन्हा धडका देऊन तो डिस्कला आणखी दमवतो. सिस्टीमरेस्क्यूमधला डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चांगला भाग आधी उचलतो, वाईट जागा टाळून पुढे जातो आणि शेवटी परत येतो.

आधी एलएसबीएलके (lsblk) ही आज्ञा देऊन डिस्कची नावं आणि आकार कागदावर लिहा. मग बाहेरची डिस्क एका फोल्डरवर जोडा. तिच्यावर आजारी डिस्कच्या पूर्ण आकाराइतकी मोकळी जागा हवी, फक्त वापरलेल्या भागाइतकी नाही. डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी याच क्रमाने द्यायच्या: ज्याचा डेटा काढायचा ती डिस्क, ज्यात साठवायचं त्या प्रतिमेच्या (आख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) फाइलचं नाव, आणि नोंदवहीच्या, म्हणजे मॅप फाइलचं नाव. पहिली दोन नावं उलटली तर वाचवायचा डेटा कायमचा पुसला जाऊ शकतो. एंटर दाबण्याआधी कागदाशी ताडून बघा, शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला वाचायला सांगा.

पहिल्या फेरीत उणे-एन (-n) हा पर्याय घाला, म्हणजे वाईट जागा खरवडत बसणार नाही. दुसऱ्या फेरीत तीच आज्ञा उणे-एन काढून, उणे-आर३ (-r3) घालून, त्याच मॅप फाइलसह द्या. तो फक्त उरलेले भाग तीनदा प्रयत्न करून वाचेल. मॅप फाइल असल्यामुळे वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे जातं. ५०० जीबीची आजारी डिस्क एक-दोन दिवस घेऊ शकते. ती गरम होऊ देऊ नका, पंख्याचा वारा लागू द्या.

फाइली नंतर त्या प्रतिमेतून काढायच्या. विभागच दिसत नसतील तर टेस्टडिस्क, तेही जमलं नाही तर फोटोरेक. फोटोरेक फाइली शोधून देतो पण मूळ नावं आणि फोल्डर राहत नाहीत, हजारो फोटो आकडी नावांनी येतात. म्हणून तो शेवटचा उपाय.

मग विंडोजची दुरुस्ती

डेटा बाहेर आला आणि डिस्कची तब्येत चांगली आहे, तरच इथे या. डिस्क आजारी असेल तर दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, नवी एसएसडी बसवा.

विंडोजची आयएसओ सुरू करा. भाषेच्या पडद्यानंतर “इन्स्टॉल नाऊ”च्या खाली डाव्या कोपऱ्यात “रिपेअर युअर कॉम्प्युटर” असतं. नव्या आवृत्तीत “रिपेअर माय पीसी” असा गोल पर्याय दिसतो. तिथून ट्रबलशूटमध्ये जा.

सगळ्यात आधी “स्टार्टअप रिपेअर”. एकदा अपयश आलं तरी आणखी एकदा चालवा. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर “अनइन्स्टॉल अपडेट्स”मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. त्यानंतर “सिस्टीम रिस्टोर”, जुना पॉइंट सापडला तर.

यातल्या कशाने काम झालं नाही आणि संदेश बूट फाइलींचाच असेल तर कमांड प्रॉम्प्ट. इथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीची नसतात, तुमचा सी कदाचित डी झालेला असेल. नोटपॅडच्या ओपन खिडकीतून “विंडोज” फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते बघा. मग डिस्कपार्ट चालवून लिस्ट व्हॉल्यूम द्या. आतल्या डिस्कवरचा १०० ते ३०० एमबीचा फॅट३२ विभाग शोधा, त्याचा क्रमांक सिलेक्ट करा, त्याला एस हे अक्षर असाइन करा आणि एक्झिट. आकार नीट बघा, कारण वेंटॉयच्या पेनड्राइव्हवरही ३२ एमबीचा एक छोटा विभाग असतो आणि तो हा नाही. शेवटी बीसीडीबूट (bcdboot) ही आज्ञा: पुढे विंडोज फोल्डरचा पूर्ण पत्ता, मग तिरकी रेघ-एस (/s) आणि एस ड्राइव्ह, मग तिरकी रेघ-एफ (/f) आणि यूईएफआय. बूट फाइली तयार झाल्याचा संदेश आला की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा. जुन्या लेगसी मशीनवर याऐवजी बूटरेक आणि तिचे फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी हे तीन पर्याय एकामागून एक द्यायचे.

“रीसेट धिस पीसी”मध्ये “कीप माय फाइल्स” असं लिहिलेलं असतं म्हणून निर्धास्त होऊ नका. बाहेरून बसवलेले सगळे प्रोग्राम त्यात निघून जातात, टॅली आणि श्रीलिपीसुद्धा. त्यांचे परवाने आणि सीरियल नंबर हाताशी असतील तरच ते बटण.

सगळं करूनही मशीन वारंवार वेगवेगळ्या निळ्या पडद्यांवर थांबत असेल तर रॅमचा संशय घ्या. सिस्टीमरेस्क्यूच्या सुरुवातीच्या मेनूत मेमटेस्ट असतो, किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही लाल चूक आली तर ती पट्टी वाईट आहे. एकेक पट्टी लावून पुन्हा तपासा, म्हणजे कोणती ते कळेल.

दुकानात न्यावंच लागलं तर

काउंटरवर स्पष्ट सांगा, “पहले डेटा निकालना है, बिना पूछे फॉर्मॅट मत करना,” आणि हे वाक्य जॉबकार्डवर लिहून घ्या. डेटा आधीच काढला असेल तरीही सांगा, कारण काहीतरी राहून गेल्याचं आठ दिवसांनी आठवतं. बिटलॉकरची की सोबत द्या, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मात्र देऊ नका. आवाज करणाऱ्या डिस्कचं झाकण दुकानात उघडू देऊ नका. ते काम धूळविरहित खोलीतच होतं आणि एकदा उघडलेली डिस्क प्रयोगशाळेतही वाचवणं अवघड होतं. नवी डिस्क बसवली तर जुनी परत मागून घ्या. ती मेलेली म्हणून दिली तरी तिच्यावर तुमच्या घरातले फोटो आणि बँकेचे कागद असू शकतात. नव्या मशीनवर सगळं उघडून पाहीपर्यंत, निदान दोन-तीन महिने, ती अँटिस्टॅटिक पिशवीत तारीख लिहून ठेवा.